आकडा कुणाला दिसतो?

न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर ४ सप्टेंबर १८८२ रोजी थॉमस एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले आणि आसपासच्या कचेऱ्यांत दिवे लागले. बिल मात्र लगेच गेले नाही. पुरवठा भरवशाचा झाल्याशिवाय पैसे मागायचे नाहीत असे धोरण होते, त्यामुळे पहिले बिल निघायला १८८३चा जानेवारी उजाडला. त्या बिलामागचे साधन आज समोर ठेवले तर कुणी त्याला मीटर म्हणणार नाही. ती एक काचेची बरणी होती. आत झिंक सल्फेटचे द्रावण आणि त्यात बुडवलेल्या जस्ताच्या दोन पट्ट्या. ग्राहकाच्या विजेचा एक छोटा, ठरावीक वाटा या बरणीतून जाई. जितकी वीज वापरली जाई तितके एका पट्टीवरचे जस्त झिजे आणि दुसरीवर साचे. महिना संपला की कंपनीचा माणूस येऊन पट्ट्या घेऊन जाई. त्या धुऊन, वाळवून तराजूत टाकल्या की वापर कळे. हिवाळ्यात द्रावण गोठू नये म्हणून पेटीत एक दिवा ठेवलेला असे आणि थंडी वाढली की तो आपोआप लावणारी धातूची पट्टीही.

युक्ती नामी होती, पण ग्राहकाने बरणीकडे तासभर पाहिले तरी त्याला काही उमगत नसे. हिशेब कंपनीच्या तराजूत होता. पैसे देणाऱ्याने फक्त विश्वास ठेवायचा.

हा विश्वास पहिल्या काही महिन्यांतच डळमळला. एडिसनच्या १९१० साली निघालेल्या चरित्रात ड्रेक्सेल मॉर्गन या बड्या पेढीचा किस्सा आहे. बिल जास्त आले अशी पेढीची तक्रार होती. एडिसनने कचेरीतल्या दिव्यांपाशी कार्डे टांगायला लावली. दिवा कधी लागला, कधी विझला याची नोंद त्यावर करायची. महिन्याने बेरीज झाली, तरी बरणीचा आकडा वरचढच होता. मग शोध घेतल्यावर निघाले की संध्याकाळी साफसफाई करणारा माणूस दिवे लावत होता आणि त्याची नोंद कुठेच होत नव्हती. त्याच्यासाठीही कार्डे टांगली तेव्हा दोन्ही हिशेब जुळले. विजेच्या धंद्याला वर्ष व्हायच्या सुमारास एका इमारतीने आपली वीज कोण, कुठे आणि केव्हा खर्च करतो हे दिव्यागणिक तपासले होते. आज ‘स्मार्ट इमारत’ म्हणून जे विकले जाते त्याचे काम नेमके हेच आहे. फरक इतकाच की तेव्हा कार्डे होती आणि ती कचेरीतल्याच माणसांच्या हाताने भरली जात होती.

पुढे मीटर सुधारला आणि झपाट्याने सुधारला. १८८८ मध्ये वेस्टिंगहाउस कंपनीतल्या ऑलिव्हर शॅलेनबर्गर यांना दिव्याच्या एका नमुन्यात पडलेली छोटी स्प्रिंग आपोआप फिरताना दिसली आणि त्यातून त्यांनी फिरत्या चकतीचा मीटर घडवला. पुढच्याच वर्षी बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातल्या ओट्टो ब्लाथी यांनी आपला मीटर बाजारात आणला. तो २३ किलो वजनाचा होता. गालिलेओ फेरारिस यांनी दाखवून दिलेल्या फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या तत्त्वावर चालणारी ही ॲल्युमिनियमची चकती पुढची शंभर वर्षे जगभरच्या घरांत फिरत राहिली. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी तिच्यावरची काळी खूण पाहत ‘मीटर पळतोय’ असे म्हटले आहे. गिझर लावला की चकती पळे, बंद केला की रेंगाळे. मोजणाऱ्या यंत्राने माणसाला स्वतःहून काही सांगितले ते बहुधा एवढेच. एरवी ते जिन्याखाली, लोखंडी जाळीच्या आड, धूळ खात असे.

मुंबईत विजेचे पहिले पाऊल अडखळलेच. १८८२ साली, म्हणजे पर्ल स्ट्रीटच्याच वर्षी, ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने क्रॉफर्ड मार्केट आणि काही रस्ते उजळण्याचा करार केला. वर्षभरात कंपनी बुडाली आणि मार्केटमध्ये पुन्हा गॅसचे दिवे आले. पुढे १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजे आजची बेस्ट, उभी राहिली आणि वाडी बंदरला वीजकेंद्र सुरू झाले. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली केंद्रातून सह्याद्रीतल्या पावसाची वीज गिरण्यांकडे वाहू लागली. या साऱ्या हिशेबात घर हा किरकोळ गिऱ्हाईक होता. धंदा ट्रामचा आणि गिरण्यांचा. घरातले दिवे म्हणजे वरची मिळकत.

घर किरकोळ का राहिले आणि मग मोठे कसे झाले, याचे उत्तर इंग्लंडच्या ब्रायटन शहरात आहे. तिथल्या नगरपालिकेच्या वीजखात्यातले आर्थर राइट यांनी एक साधे उपकरण बनवले होते. जोराचा प्रवाह गेला की आतली हवा तापे आणि काचेच्या नळीतले द्रव एका दुसऱ्या नळीत सांडे. सांडलेले द्रव परत जात नसे, म्हणून महिन्यातली सर्वांत जास्त मागणी किती होती ते तिथे कायमचे नोंदले जाई. जॉन हॉपकिन्सन यांनी १८९२ मध्ये मांडले होते की वीजकंपनीचा खरा खर्च एकूण विकलेल्या विजेवर ठरत नाही. सगळ्यांनी एकदम दिवे लावले तर लागतील तेवढी यंत्रे सज्ज ठेवण्यावर ठरतो. राइट यांचे उपकरण हा विचार दरपत्रकात उतरवणारे होते. १८९४ मध्ये शिकागोच्या वीजकंपनीचे प्रमुख सॅम्युअल इन्सल ब्रायटनला आले. दुकानादुकानांत लखलखते दिवे पाहून त्यांनी चौकशी केली आणि ही पद्धत ते अमेरिकेत घेऊन गेले.

इन्सल यांनी तिचा उपयोग केला तो मात्र खप वाढवण्यासाठी. ज्याचा वापर दिवसभर पसरलेला त्याला स्वस्त वीज, म्हणजे मग इस्त्री घ्या, पंखा घ्या, शेगडी घ्या. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे वीजकंपन्यांचे डोके याच दिशेने चालले. मीटरमधला आकडा वाढावा हीच इच्छा असताना तो ग्राहकाच्या डोळ्यांसमोर आणायची घाई कुणाला असणार?

त्याच काळात इमारती आपल्यापुरत्या शहाण्या होत होत्या. अमेरिकेतल्या व्हाइटवॉटर गावात वॉरन जॉन्सन नावाचे शिक्षक होते. वर्ग तापला की गारठला हे पाहायला शाळेचा शिपाई खोल्याखोल्यांतून फिरे आणि शिकवण्यात खंड पडे. खोलीतल्या तापमानाची वर्दी तळघरातल्या शिपायाला घंटेने देणारे विजेचे यंत्र त्यांनी बनवले आणि १८८३ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. १८८५ मध्ये मिलवॉकीत त्यांची कंपनी निघाली. जॉन्सन यांच्या यंत्राचा मुद्दा सोय हा होता; कोळसा वाचला तर तो वरकड फायदा. १९५३ मध्ये हनीवेलचा गोल थर्मोस्टॅट आला, १९७५ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये घरातल्या वायरिंगमधूनच दिव्यांना हुकूम देणारी एक्स-१० पद्धत निघाली, आणि १९८० च्या दशकात ‘इंटेलिजंट बिल्डिंग’ हा शब्द इमारत विकणाऱ्यांच्या तोंडी रुळला. या सगळ्यात इमारत माणसाच्या वतीने निर्णय घेई. माणसाला काय कळले पाहिजे, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नव्हते.

तो प्रश्न विचारला गेला न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स या वसाहतीत. या सबंध इतिहासात खरे वळण कुठे आहे असे कुणी विचारले तर बोट इथे ठेवावे लागेल.

ट्विन रिव्हर्समध्ये एकाच नकाशाची, एकाच बांधणीची घरे रांगेने उभी होती. १९७३ च्या तेलसंकटाच्या आगेमागे प्रिन्स्टन विद्यापीठातले रॉबर्ट सोकोलो आणि त्यांचे सहकारी तिथे वर्षानुवर्षे मोजमाप करत होते. भिंती सारख्या, खिडक्या सारख्या, भट्टी सारखी. तरी एका घराचा इंधनखर्च दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक निघे. राहणारी माणसे बदलली की त्याच घराचा खर्चही बदले. म्हणजे घराचे गणित भिंतींइतकेच आत राहणाऱ्यांवर अवलंबून होते, आणि त्यांना ते गणित महिन्यातून एकदा, बिलाच्या रूपाने, खर्च होऊन गेल्यावर कळत होते.

मानसशास्त्रज्ञ क्लाइव्ह सेलिगमन आणि जॉन डार्ली यांनी मग एक सोपा प्रयोग केला. काही घरांना कालचा वापर किती झाला आणि हवामान पाहता तो अपेक्षेपेक्षा जास्त की कमी, एवढेच जवळजवळ रोजच्या रोज कळवायचे. दर बदलले नाहीत, यंत्रे बदलली नाहीत, उपदेश केला नाही. उन्हाळ्यातल्या त्या महिन्यात या घरांनी इतरांपेक्षा १०.५ टक्के कमी वीज वापरली. १९७७ मध्ये हा निष्कर्ष छापून आला. पुढच्या वर्षी लॉरेन्स बेकर यांनी दाखवले की २० टक्के बचतीचे अवघड लक्ष्य ठेवून वरचेवर आकडा सांगितला तर १३ टक्क्यांच्या आसपास बचत होते. लक्ष्य असूनही आकडा सांगितला नाही, तर फारसा फरक पडत नाही. याच गटाचा तिसरा प्रयोग सर्वांत देखणा आहे. बाहेर हवा पुरेशी गार झाली आणि तरी एसी चालू असला की घरात एक निळा दिवा लुकलुके. एसी बंद करून खिडकी उघडली की दिवा विझे. एसी आपोआप बंद करणारी यंत्रणा सहज बसवता आली असती. संशोधकांनी तसे केले नाही. माणसाला योग्य क्षणी एक गोष्ट सांगितली आणि निर्णय त्याच्यावर सोडला. बचत झाली १५ टक्क्यांहून अधिक.

‘स्मार्ट’ या शब्दाचा एवढा नेमका अर्थ नंतरच्या महागड्या यंत्रांत क्वचितच दिसतो. पण एवढी साधी गोष्ट घरोघर पोहोचायला तीस वर्षे लागली, कारण मधल्या काळात आकड्याची मालकी वीजकंपनीकडेच राहिली.

दरम्यान आकडा जास्त बोलका होऊ लागला. १९८० च्या दशकात एमआयटीतले जॉर्ज हार्ट घराच्या मुख्य तारेवरचा चढउतार बारकाईने मोजत होते. फ्रिज सुरू झाला की वापर ठरावीक पायरीने चढतो, गिझरची पायरी वेगळी, पंपाची वेगळी. या पायऱ्या ओळखल्या की घरात पाऊल न टाकता आत कोणते उपकरण केव्हा चालले ते सांगता येते. कौतुक याचे की हार्ट यांनी धोकाही स्वतःच ओळखला. १९८९ मध्ये त्यांनी लेख लिहून बजावले की या तंत्राने घरातली माणसे केव्हा उठतात, केव्हा बाहेर जातात, केव्हा झोपतात हे त्यांच्या नकळत कळू शकते. बचतीसाठी हवा असलेला तपशील आणि पाळतीसाठी पुरणारा तपशील एकच आहे. २००९ मध्ये नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने सक्तीच्या स्मार्ट मीटरला नकार दिला तो याच खासगीपणाच्या मुद्द्यावर.

इटलीने मात्र त्याआधीच मोठी उडी घेतली होती. २००१ पासून एनेल कंपनीने पाच-सहा वर्षांत सुमारे ३ कोटी घरांत दुरून वाचता येणारे मीटर बसवले. कंपनीची कारणे तिच्या दृष्टीने रास्त होती: वीजचोरी, रिडिंग घेणाऱ्यांचा खर्च, थकबाकीदाराचा पुरवठा दुरून तोडण्याची सोय. ग्राहकाला काय मिळाले हा प्रश्न नंतर आला. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डमध्ये २००९ साली नवे मीटर, कडक उन्हाळा आणि वाढलेले दर एकाच वेळी आले. बिले फुगली आणि लोकांनी मीटरवर राग काढला. पुढच्या वर्षीच्या स्वतंत्र तपासणीत मीटर अचूक निघाले. चूक निघाली ती लोकांच्या तक्रारी हाताळण्यात. चांगले यंत्र वाईट पद्धतीने लोकांपुढे आणले की लोक यंत्रालाच दोष देतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

महाराष्ट्राने हा धडा २०२० साली आपल्या अंगावर घेतला. टाळेबंदीमुळे मार्चअखेरपासून घरोघरचे रिडिंग थांबले. बिले सरासरीने निघाली आणि सरासरी धरली ती हिवाळ्यातल्या महिन्यांची, जेव्हा पंखेही बंद असतात. प्रत्यक्षात मार्च, एप्रिल आणि मेमध्ये सारे कुटुंब दिवसभर घरात होते आणि पंखे, एसी, फ्रिज, संगणक अखंड चालू होते. जूनमध्ये खरे रिडिंग झाले आणि तीन महिन्यांचा फरक एका कागदावर आला. पगार कापले गेलेल्या, दुकाने बंद असलेल्या घरांत तो कागद पडला तेव्हा रस्त्यावर बिलांची होळी झाली. महावितरणने बिलाची फोड समजावून सांगितली आणि गणिताने ती बहुतांशी बरोबरही होती. पण बरोबर आकडा तीन महिने उशिरा सांगितला, तर तो घेणाऱ्याला फसवणुकीसारखाच लागतो.

राज्याच्या दरपत्रकात या उशिराला आणखी धार आहे. घरगुती दर पायऱ्यांनी चढतो: १०० युनिटांपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, त्यापुढे आणखी चढे. महिन्याच्या वीस तारखेला ९० युनिटे झाली आहेत हे ज्या घराला कळेल ते उरलेले दिवस सांभाळून काढू शकते. ज्याला बिलावरच्या मीटरच्या फोटोवरून कळते ते फक्त पैसे भरू शकते. शेतीपंपांची गोष्ट तर आणखी वेगळी. लाखो पंपांना वर्षानुवर्षे मीटरच नव्हता, आकारणी अश्वशक्तीवर झाली. तिथे शेतकऱ्याला आपला वापर माहीत नाही आणि राज्यालाही तो अंदाजानेच मांडावा लागतो.

ग्राहकाच्या बाजूने मोजायचे कसे हे दाखवणारी संस्था महाराष्ट्रातच आहे. पुण्याचा ‘प्रयास’ हा ऊर्जागट. २००६ मध्ये राज्यभर भारनियमन चालू असताना शहरातल्या कारखान्यांनी आपले जनरेटर चालवून वीज मोकळी करायची आणि त्याचा खर्च मोठ्या ग्राहकांच्या थोड्या जादा आकारातून भागवायचा, असा ‘पुणे मॉडेल’ म्हणून ओळखला गेलेला प्रयोग झाला. त्याच्या घडणीत आणि जाहीर चर्चेत प्रयासचा वाटा होता. पुढे त्यांनी घराघरांत, खेड्यापाड्यांत छोटी नोंदयंत्रे ठेवून वीज केव्हा येते, केव्हा जाते आणि दाब किती पडतो हे मिनिटामिनिटाला टिपले आणि सगळ्यांना पाहता येईल असे मांडले. मीटर ग्राहकावर लक्ष ठेवतो. इथे ग्राहकाच्या घरातले यंत्र पुरवठादारावर लक्ष ठेवत होते. महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या शंभराहून अधिक घरांत कोणते उपकरण किती वीज खाते याचाही त्यांनी दीर्घ अभ्यास केला.

या पार्श्वभूमीवर स्मार्ट मीटरवरून झालेला वाद पाहावा. केंद्राने २०२१ मध्ये देशभर २५ कोटी मीटर बदलायची योजना आणली, तीही प्रीपेड. मोबाइलसारखे आधी पैसे भरा, मग वीज वापरा. शिल्लक संपली की अंधार, आणि तो अंधार कुणी माणसाने येऊन केलेला नसल्यामुळे विनवणी करायलाही कुणी समोर नाही. ही भीती पोकळ नव्हती. ब्रिटनमध्ये २०२३ च्या सुरुवातीला थकबाकीदार घरांवर प्रीपेड मीटर लादण्याच्या प्रकारांवरून इतका गदारोळ झाला की नियामकाला ते थांबवावे लागले. महाराष्ट्रात जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावले जाणार नाहीत असे जाहीर केले. नंतर बसू लागलेले स्मार्ट मीटर पोस्टपेड आहेत.

यात एक गोष्ट मागे पडली. केंद्राने २०२३ मध्ये ग्राहकहक्कांच्या नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार स्मार्ट मीटर रोज किमान एकदा दुरून वाचला गेला पाहिजे आणि तो तपशील ग्राहकाला मिळाला पाहिजे. ट्विन रिव्हर्समध्ये संशोधक जे हाताने करत होते ते इथे नियमाने देणे आहे. मोर्चे निघाले ते मीटर नको म्हणून. रोजचा आकडा सोप्या मराठीत, रुपयांत, पायरी ओलांडायला किती युनिटे उरली हे सांगत द्या, अशी मागणी त्यात फारशी ऐकू आली नाही.

जुलै २०२५ पासून महावितरणच्या स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर प्रतियुनिट ८० पैशांपासून सवलत जाहीर झाली, कारण आता दुपारी सौरवीज मुबलक असते. नोकरदार जोडप्याच्या घराला तिचा उपयोग कमी. त्यांचा गिझर सकाळी सहाला लागतो आणि एसी रात्री दहाला. फायदा आहे तो घरघंटी चालवणाऱ्या बाईला, घरून काम करणाऱ्याला आणि सहकारी सोसायट्यांना. सोसायटीचा पाण्याचा पंप सवयीने पहाटे चालतो, कारण वॉचमन तेव्हा बटण दाबतो. टाकीत दिवसाचे पाणी मावत असेल तर तोच पंप दुपारी बाराला चालवायला काहीच अडत नाही. सामायिक मीटरचा तासागणिक वापर छापून सेक्रेटरीने तो लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर महिनाभर लावला, तर पुढच्या सर्वसाधारण सभेत पंपाच्या वेळेचा ठराव मांडायला तेवढा कागद पुरेसा आहे.